गिटारची तार, सप्ताहातली वीणा आणि मिरजेची जवारी

आजचा भाग एका मिलिमीटरबद्दल आहे. हो, एकाच.

गेल्या पावसाळ्यात वर्क फ्रॉम होम होतं, म्हणून गिटार घेऊन जुन्नर तालुक्यात घरी आलो. दोन महिन्यांत तारा इतक्या वर गेल्या की एफ कॉर्ड धरताना बोटं रडायला लागली. कारण साधं आहे. दमट हवेत लाकूड फुगतं, गिटारचं पोट वर येतं आणि त्यावरची घोडी, म्हणजे ब्रिज, तारांना घेऊन वर सरकते. बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण अडीच मिलिमीटर उंच असली की हात खूश. माझी साडेतीन भरली.

उपाय यूट्यूबवर आहेच. घोडीतली पट्टी, म्हणजे सॅडल, बाहेर काढायची आणि खालच्या बाजूने पॉलिश पेपरवर घासायची. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर येतो, त्यामुळे तिथे एक मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते. गणित बरोबर केलं, पण हात थांबला नाही. तारा चढवल्या तर प्रत्येक सुरामागे झण्ण. तार फ्रेटवर आपटत होती. थोडं घासायचं, तार लावून बघायची, परत थोडं घासायचं, हे मला नंतर कळलं.

त्याच आठवड्यात आंबेगाव तालुक्यात, मामांच्या गावी हरिनाम सप्ताह होता. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की ती एका विणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तिथल्या एका आबांना मी म्हटलं, "आबा, गिटार बिघडवली मी. झण येतेय नुसती."

आबा हसले. "लेका, तीच झण आमच्या वीणेची गेलीय. ती आणायला मिरजेला पाठवायचीय तिला."

मी चाटच पडलो. मला जी घालवायची होती, ती आणायला हे लोक तीनशे किलोमीटर जाणार!

(नारायणगावचं तमाशातलं तुणतुणं या भानगडीतून सुटलंय. त्याची एकुलती तार खालच्या चामड्यातून निघून सरळ वरच्या खुंटीला जाते. घोडीच नाही, मग उंची कसली?)

तर मिरज. पटवर्धनांचं संस्थान. तिथले शिकलगार तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अंमलात हत्यारांचं काम आटलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार वाद्यांकडे वळले. आधी दुरुस्ती, मग स्वतः बनवणं. भोपळा, तुणीचं लाकूड, तारा. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायला आले, ते १९३७ मध्ये वारेपर्यंत. असा कान जवळ असला की कारागिराला चलाखी करून चालत नाही. आज त्या घराण्यातले बरेच जण सतारमेकर हेच आडनाव लावतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं.

यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे जवारी. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उतरता, गोलसर घासलेला असतो. तार एका बिंदूवर टेकत नाही. ती थरथरते तशी त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्यातून वरचे सूर फुलतात. उतार कमी-जास्त झाला तर आवाज बोदा होतो किंवा नुसताच खरखरतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा घालून तो केसभर पुढे-मागे करतात. हे मोजायला पट्टी चालत नाही, कारागीर घासतो आणि ऐकतो. एरवी नियम असा की तार बरोबर मध्यावर छेडली तर मध्यावर स्थिर राहणारे वरचे सूर ऐकूच यायला नकोत. तंबोऱ्यात ते येतात. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी कोलकात्याहून यावर लिहिलं, आणि कारण दाखवलं तेच: घोडीचा गोलसर माथा.

गंमत बघा, माझ्या फ्रेटवरही तार आपटतच होती. पण कुठे आणि किती आपटावी हे तिथे कुणी ठरवलेलं नव्हतं.

वाजवून वाजवून तार घोडीवर चर पाडते, मग जवारी परत काढावी लागते. फोनमधला तानपुरा झिजत नाही, त्यामुळे त्याला मिरजही लागत नाही. मी स्वतः तोच लावून रियाज करतो, म्हणून बोलायला मला तोंड नाही. पण हातात पॉलिश पेपर घेऊन मी एक पट्टी वाया घालवलीय. हे काम शिकायला किती घोड्या वाया जात असतील, आणि त्या वाया घालवू देणारा उस्ताद आता किती पोरांना परवडेल?

सप्ताह संपल्यावर वीणा पोत्यात गुंडाळून मिरजेला गेली. नवीन सॅडल यायला वेळ होता, म्हणून मी जुन्या पट्टीखाली पातळ तुकडा सरकवला. झण गेली. आबांनी वाकून पाहिलं, "काय घातलंस रे?"

"लग्नपत्रिका, आबा. तुमच्याच नातीची."