नोकरी मिळते, पण टिकत का नाही? स्किझोफ्रेनिया आणि कामावर 'बोलायला' शिकवणारं ट्रेनिंग

"हे पुन्हा करून आण," साहेब म्हणतात. बहुतेक जण मनातल्या मनात चडफडतात आणि कामाला लागतात. स्किझोफ्रेनियातून सावरत असलेल्या माणसाची नोकरी मात्र अशाच एखाद्या वाक्यावर अडू शकते.

स्किझोफ्रेनिया म्हटलं की कानात आवाज येणं, संशय येणं एवढंच आठवतं. औषधांनी अनेकांचे हे त्रास आटोक्यात येतात. पण चेहऱ्यावर भाव न उमटणं, बोलणं कमी होणं, समोरच्याचा मूड न कळणं, लांबलचक सूचना डोक्यात न राहणं, यावर औषधांचा फारसा उपयोग होत नाही. मग सहकाऱ्यांना वाटतं, याला कशाचं काही पडलेलं नाही. एकटाच डबा खातो म्हणजे शिष्ट आहे. काम येत असूनही माणूस बाहेर पडतो.

यावर एक उपाय म्हणजे सोशल स्किल्स ट्रेनिंग. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिबरमन यांनी त्याचा पाया घालण्यात मोठा वाटा उचलला. तिथेच नोकरी टिकवण्यासाठी 'वर्कप्लेस फंडामेंटल्स' हा खास अभ्यासक्रमही तयार झाला.

यात लेक्चर कमी आणि तालीम जास्त असते. वरचंच उदाहरण घ्या. साहेबांकडे बघायचं, मध्ये न बोलता ऐकायचं, 'म्हणजे तारखा बदलून देऊ ना?' असं आपल्या शब्दांत विचारायचं, कळलं नाही तर तसं सांगायचं. आधी प्रशिक्षक करून दाखवतो, मग शिकणारा करतो. काय जमलं ते आधी सांगतात, काय सुधारायचं ते नंतर. मग पुन्हा तालीम, आणि घरी जाताना गृहपाठ: या आठवड्यात खरोखर कुणाला तरी मदत मागायची.

उपयोग होतो का? उत्तर सरळ नाही. नोकरी शोधून देऊन पुढेही सोबत राहणाऱ्या योजनेला या अभ्यासक्रमाची जोड दिली, तेव्हा २००४च्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांची नोकरी सोडण्याची वेळ कमी आली. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात लोकांची माहिती वाढली, पण नोकरीवर फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यास छोटे होते. एक मात्र खरं, वर्गात जमलेलं ऑफिसात आपोआप जमत नाही, त्यासाठी तिथेही कुणीतरी पाठीशी लागतं.

भारतात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या कारणावरून कामावरून काढता येत नाही. खासगी नोकरीत मोठा प्रश्न वेगळाच असतो: आजाराबद्दल सांगायचं का, आणि सांगायचं तर कुणाला? या बोलण्याचीही तालीम करता येते. "गोळीमुळे सकाळी जड वाटतं, तासभर उशिराची शिफ्ट मिळेल का?" एवढंच विचारलं तरी चालतं. आजाराचं नाव घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.