वर्गणीचा रेडिओ आणि फुकटचा रेडिओ

पैसे भरून रेडिओ ऐकणे आपल्याला नवे नाही. एके काळी पोस्टात दरवर्षी रेडिओच्या परवान्याची फी भरावी लागे. १९८०च्या दशकात ती माफ झाली. मग वर्गणीचा उपग्रह-रेडिओ आपल्याकडे का टिकला नाही?

वर्ल्डस्पेस या अमेरिकन कंपनीचा ‘एशियास्टार’ उपग्रह मार्च २००० मध्ये आकाशात गेला. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून आवाज येई, पण कसा स्वच्छ! ‘गंधर्व’ वाहिनीवर रात्रंदिवस हिंदुस्थानी संगीत चाले. दर्दी मंडळींनी आनंदाने वर्गणी भरली. पण त्यासाठी वेगळा संच हवा, अँटेना उपग्रहाकडे नीट रोखलेली हवी. ट्रान्झिस्टर बगलेत मारून बांधावर ऐकत जावे, तशी सोय त्यात नव्हती. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा बंद पडली.

अमेरिकेत एक्सएम २००१ मध्ये आणि सिरियस २००२ मध्ये सुरू झाली. दोघीही तोट्यात; २००८ मध्ये एक झाल्या आणि तगल्या. कारण तिथे संच मोटारीतच बसवून येई, आणि शेकडो मैल गेले तरी स्टेशन सुटत नसे.

तेव्हा गाणे चांगले असून भागत नाही, ते ऐकणाऱ्याच्या वाटेवर भेटावे लागते. आणि फुकटचा रेडिओ तरी फुकट कुठे आहे? त्याचा खर्च सरकारी तिजोरी नाहीतर जाहिरातदार उचलतो. आपण ऐकणेच सोडले, तर तोही ‘गंधर्व’सारखा एक दिवस मुका होईल.