खाजकुइली आणि कंपवाताचे औषध
नाशिक जिल्ह्यात त्र्यंबक, इगतपुरी, सुरगाण्याच्या डोंगरउतारांवर खाजकुइलीचा वेल वाढतो. शेंगेवरची लव अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा होतो. औषध मात्र आतल्या बियांत, म्हणजे वैद्यांच्या कवचबीजात आहे. चरकसंहितेतल्या ऐंशी वातविकारांत वेपथु, म्हणजे कंप, येतो; पण जुन्या ग्रंथांत कवचबीजाची ख्याती मुख्यतः बल्य आणि वाजीकर म्हणूनच आहे. वानरी गुटी करताना बिया गाईच्या दुधात शिजवून सोलतात, वाटून वड्या तुपात तळतात आणि साखरेच्या पाकात घोळतात.

१९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला. त्याचा कंपवाताशी संबंध तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. या रोगात मेंदूतले डोपामिन घटते, हे १९६० मध्ये व्हिएन्नात दिसले. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतो आणि तिथे त्याचे डोपामिन होते. १९६१ मध्ये तो शिरेतून टोचून पाहिला गेला. गुण आला, पण काही तासांपुरता. पुढे अमेरिकेत कोट्झियास यांनी तो तोंडावाटे हळूहळू वाढवत देण्याची पद्धत बसवली. मात्र बराचसा लेव्होडोपा वाटेतच खर्ची पडे आणि मळमळ होई. ही गळती रोखणाऱ्या कार्बिडोपाची जोड मिळाल्यावर गोळी रोजच्या वापराची झाली.

औषध सापडले, तरी ते मेंदूपर्यंत सतत पोचवण्याचा प्रश्न उरलाच. लेव्होडोपा रक्तात तास-दीड तासात निम्मा होतो, आणि प्रथिने शोषणात त्याच्याशी स्पर्धा करतात. म्हणून अनेक रुग्णांना गोळी आणि दूध-डाळ यांत अंतर ठेवायला सांगतात. वानरी गुटीतल्या दुधाकडे या नजरेने पाहिले तर गंमत वाटते.

मुंबईत अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये कवचबीजाचे रुग्णांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बाला मन्यम यांच्या पुढाकारातून आलेले एचपी-२०० हे झंडूचे चूर्ण साडेसात ग्रॅमच्या पुडीत, पाण्यात कालवून घ्यायचे होते. १९९५ च्या अहवालानुसार ६० रुग्णांना बारा आठवडे ते दिल्यावर लक्षणे कमी झाली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे निष्कर्षाला मर्यादा होती. लंडनमध्ये २००४ साली आठ रुग्णांवर तुलना झाली. तीस ग्रॅम चूर्णाचा गुण सुमारे ३५ मिनिटांत, तर गोळीचा सुमारे ६९ मिनिटांत दिसला. अर्थात तीस ग्रॅम चूर्ण घशाखाली उतरवणे सोपे नाही, आणि बियांतले लेव्होडोपाचे प्रमाणही सारखे नसते. 

बरीच वर्षे गोळी घेतल्यावर एका मात्रेचा असर पुढच्या मात्रेआधीच ओसरू लागतो; हालचाल अडते. मंद रिकामे होणारे जठर यात भर घालते, म्हणून जठर टाळणारे मार्ग निघाले. डोपामिनसारखे काम करणारे अपोमॉर्फिन कातडीखाली पंपाने देण्याचा अनुभव लंडनहून १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. २००४ च्या सुमारास युरोपात लेव्होडोपाचा जेल पोटाला छिद्र पाडून नळीने थेट लहान आतड्यात सोडणे सुरू झाले. त्यानंतर डोपामिनसारखेच काम करणाऱ्या रोटिगोटिनची कातडीवर लावायची पट्टी आली, आणि २०१८ मध्ये अमेरिकेत श्वासावाटे ओढायच्या लेव्होडोपाला मान्यता मिळाली. २०२४ मध्ये तिथेच पाण्यात विरघळणारा फॉसलेव्होडोपा फॉसकार्बिडोपासह मंजूर झाला. तो कातडीखालच्या बारीक नळीतून चोवीस तास देता येतो आणि पोटावरील शस्त्रक्रिया टळते.