कॅनडाच्या साहित्याचे संदर्भग्रंथ

कॅनडाच्या साहित्याचे संदर्भग्रंथ म्हणजे कॅनडातील लेखक, साहित्यकृती, वाङ्मयप्रकार आणि वाङ्मयीन परंपरा यांची माहिती देणारे कोश, वाङ्मयेतिहास व ग्रंथसूची होत. इंग्रजी आणि फ्रेंच या कॅनडाच्या दोन अधिकृत भाषा आहेत. त्यामुळे कॅनडाचे साहित्य कोणते आणि ते किती भाषांचे, हा प्रश्न अशा प्रत्येक ग्रंथाच्या संपादकांना प्रथम सोडवावा लागतो.

पार्श्वभूमी

दोन्ही भाषांतील साहित्यपरंपरा दीर्घकाळ एकमेकींपासून अलग वाढल्या. एका भाषेतील कृती दुसऱ्या भाषेतील वाचकांपर्यंत मुख्यतः अनुवादातून पोहोचत असे. मॅनिटोबा प्रांतात जन्मलेल्या गॅब्रिएल रॉय यांची १९४५ मधील मूळ फ्रेंच कादंबरी 'द टिन फ्लूट' या नावाने इंग्रजीत आली आणि या अनुवादाला १९४७ चा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. फ्रेंच पुस्तकांसाठी या पुरस्काराचे स्वतंत्र विभाग १९५९ मध्ये सुरू झाले. १९६९ च्या अधिकृत भाषा कायद्याने केंद्र शासनाच्या कारभारात दोन्ही भाषांना समान दर्जा दिला.

इंग्रजीतील ग्रंथ

कार्ल क्लिंक यांच्या प्रमुख संपादनाखाली 'लिटररी हिस्टरी ऑफ कॅनडा' हा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षकात संपूर्ण देशाचे नाव असले तरी त्याची व्याप्ती इंग्रजी साहित्यापुरती होती व उपशीर्षकात तसे नमूद केले होते. नॉरथ्रप फ्राय यांनी लिहिलेला त्याचा उपसंहार विशेष गाजला. अफाट निसर्गाने वेढलेल्या एकाकी वसाहतींच्या 'तटबंदीच्या मनोवृत्ती'ची संकल्पना त्यात मांडलेली आहे. १९७६ मध्ये या ग्रंथाची तीन खंडांची दुसरी आवृत्ती निघाली, तर १९९० मध्ये डब्ल्यू. एच. न्यू यांनी संपादित केलेला चौथा खंड आला.

नोरा स्टोरी यांचा कॅनडाचा इतिहास व साहित्य यांवरील ऑक्सफर्ड कोश १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे केवळ साहित्याला वाहिलेला 'द ऑक्सफर्ड कम्पॅनियन टू कॅनेडियन लिटरेचर' विल्यम टॉय यांनी १९८३ मध्ये संपादित केला. त्यात इंग्रजी लेखकांबरोबर फ्रेंच लेखकांच्याही नोंदी आहेत. यूजीन बेन्सन आणि टॉय यांनी सिद्ध केलेली त्याची दुसरी आवृत्ती १९९७ ची आहे.

फ्रेंचमधील ग्रंथ

कामीय रुआ यांनी १९०७ मध्ये फ्रेंच-कॅनेडियन साहित्याच्या इतिहासाची रूपरेषा लिहिली. १९६० नंतर क्वेबेक प्रांतात 'फ्रेंच-कॅनेडियन साहित्य' या संज्ञेऐवजी 'क्वेबेकचे साहित्य' ही संज्ञा रूढ होत गेली. मॉरिस लेमीर यांच्या संपादनाखालील क्वेबेकच्या साहित्यकृतींच्या कोशाने हीच चौकट स्वीकारली. आरंभापासून १९०० पर्यंतच्या कृतींचा त्याचा पहिला खंड १९७८ मध्ये निघाला. या कोशात नोंदी लेखकांच्या नावांऐवजी कृतींच्या शीर्षकांनुसार लावलेल्या आहेत. मात्र फ्रेंच साहित्य केवळ क्वेबेकमध्ये निर्माण होत नाही. १९७९ चा गाँकूर पुरस्कार मिळवणाऱ्या आंतोनिन माये या न्यू ब्रन्सविक प्रांतातील अकेडियन लेखिका होत.

द्वैभाषिक उपक्रम

टोरोंटो आणि लाव्हाल या विद्यापीठांच्या सहकार्याने तयार होणारा कॅनडाचा चरित्रकोश इंग्रजी व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध होतो. त्याचा पहिला खंड १९६६ चा आहे. तो निव्वळ साहित्यकोश नसला तरी दिवंगत लेखकांच्या माहितीसाठी महत्त्वाचा आहे.

दोन भाषांपलीकडे

फर्स्ट नेशन्स व इन्युइट या मूलनिवासी समाजांच्या मौखिक परंपरा कॅनडातील या दोन्ही भाषांच्या साहित्याहून प्राचीन आहेत. लेखक आणि छापील पुस्तक हे घटक धरून रचलेल्या कोशात त्यांना स्थान देणे अवघड जाते. पेनी पेट्रोन यांनी १९९० मध्ये या साहित्याचा मौखिक परंपरेपासूनचा स्वतंत्र आढावा प्रसिद्ध केला.

स्थलांतरित लेखकांमुळे व्याप्तीचा प्रश्न आणखी व्यापक झाला. मुंबईत जन्मलेल्या रोहिंटन मिस्त्री यांच्या 'सच अ लाँग जर्नी' या कादंबरीचे कथानक मुंबईतील पारशी कुटुंबाभोवती फिरते. तिला १९९१ चा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. न्यू यांनी २००२ मध्ये संपादित केलेल्या विश्वकोशाच्या शीर्षकात 'कॅनेडियन साहित्य' याऐवजी 'कॅनडातील साहित्य' अशी शब्दयोजना आहे.

मर्यादा

एखाद्या लेखकाची नोंद न आढळणे हे त्याच्या दुय्यमत्वाचे प्रमाण ठरत नाही. तो लेखक त्या ग्रंथाच्या भाषिक, प्रादेशिक वा कालिक मर्यादेबाहेर असू शकतो. म्हणून ग्रंथाची प्रस्तावना व प्रकाशनवर्ष पाहणे, तसेच इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही परंपरांतील ग्रंथ ताडून पाहणे अभ्यासकाला आवश्यक ठरते.

हेसुद्धा पहा

कॅनडा
क्वेबेक
नॉरथ्रप फ्राय
रोहिंटन मिस्त्री