गजाननबुवांचे उस्ताद

शास्त्रीय संगीत हिंदूंचे की मुसलमानांचे, हा वाद मोबाइलवर अधूनमधून पेटतो. अशा वेळी मी गजाननबुवा जोशी कोणाकोणाकडे शिकले ते सांगू लागतो.

बुवांचा जन्म १९११ चा. वडील अंतूबुवा औंध संस्थानचे गायक. अंतूबुवांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांचे गुरू वासुदेवबुवा जोशी आणि वासुदेवबुवांची तालीम ग्वाल्हेरच्या हद्दू खाँ-हस्सू खाँ या भावांकडची. म्हणजे ज्याला आपण ‘घरची विद्या’ म्हणतो, ती चार पायऱ्या वर खाँसाहेबांच्या दिवाणखान्यात पोचते.

बुवा एवढ्यावर थांबले नाहीत. रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकले. आग्रा घराण्याच्या उस्ताद विलायत हुसेन खाँ यांची तालीम घेतली. कोल्हापूरला अल्लादिया खाँचे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडून जयपूर गायकी घेतली. घराण्याची चीज बाहेर जाऊ नये म्हणून उस्ताद आणि बुवा दोघेही जपत असत, तो हा काळ. अशा काळात परक्या घराण्याच्या उस्तादाला शागिर्दाची खात्री पटावी लागे. ती दोन्ही खाँसाहेबांना पटली, याचे मला फार अप्रूप वाटते.

गाण्याइतकेच त्यांचे नाव व्हायोलिनसाठी होते. (गजाननरावांच्या हाती गज, हा योगायोग मजेचाच!) हे वाद्य विलायती. तिकडे ते हनुवटीखाली धरतात. आपल्याकडे मांडी घालून बसतात आणि त्याचे टोक पायावर टेकवतात, म्हणजे डावा हात मोकळा सरकतो. सतारीसारखे पडदे नसल्याने मींड अखंड निघते. बुवांनी त्यावर गायकीच वाजवली. गळ्यावर चढलेली तालीम त्यांनी गजावर उतरवली.

गुरू म्हणून ते कडक होते. मी स्वतः शिक्षक असल्याने मला त्यांची शिकवणी जास्त महत्त्वाची वाटते. तीन घराण्यांची विद्या हाती असूनही त्यांनी तिची भेळ केली नाही. १९८७ मध्ये बुवा गेले. त्यांचे शिष्य उल्हास कशाळकर ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही गायकी आपापल्या वळणाने गातात. एकदा ऐका. आग्र्याची बोलबांट आली की विलायत हुसेन खाँ आठवतील आणि जयपूरची तान आली की भूर्जी खाँ.