लक्ष्मीनारायण मंदिर (वर्धा)

वर्धा शहरातील बजाज घराण्याचे देवस्थान. अस्पृश्यांसाठी जुलै १९२८ मध्ये दरवाजे उघडणारे मंदिर म्हणून प्रसिद्ध. जमनालाल बजाज (१८८९–१९४२) यांनी सनातन्यांचा विरोध पत्करून हा निर्णय अमलात आणला. पहिल्या तुकडीला आत नेले विनोबा भावे यांनी. ‘देशातील पहिले मंदिर’ हे बिरुद त्यास सर्रास लावले जाते. मात्र मालकाने दार उघडणे निराळे आणि हक्क म्हणून ते मागणे निराळे. नाशिकला काळाराम मंदिरासाठी १९३० पासून सत्याग्रह चालला, तरी तेथील दार उघडले नाही.

दर्शनाने मजुरी वाढत नाही, याची जाण वर्ध्यातील कार्यकर्त्यांना होती. १९३२ च्या अखेरीस विनोबा शहरालगतच्या नालवाडी या दलितवस्तीच्या गावी राहावयास गेले आणि पुढे केवळ सूतकताईच्या मजुरीवर जगून पाहिले. दिवसभर कातूनही पोट भरेना; मग दर अपुरा आहे हे वेगळे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. कातणाऱ्यास निर्वाहापुरते वेतन मिळावे असा आग्रह गांधीजींनी १९३५ मध्ये धरला. नालवाडीतच गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावराची कातडी काढणे, कमावणे, तिच्या चपला करणे ही कामे सवर्णानेही हाताने करावीत, म्हणजे धंद्याला चिकटलेला विटाळ जाईल, ही त्यामागची भूमिका.

आंबेडकरी चळवळीचे म्हणणे नेमके उलट होते. महाडच्या १९२७ च्या परिषदेने मेलेली ढोरे ओढणे व मृतमांस खाणे सोडण्याचा ठराव केला: कामाला प्रतिष्ठा देत बसण्यापेक्षा जातीने लादलेले काम टाकावे. विदर्भात या भूमिकेला आर्थिक आधारही होता. येथील महार पूर्वापार जाडेभरडे कापड विणत. नागपूर व हिंगणघाटच्या कापडगिरण्यांत त्यांना गावकीबाहेरची रोख मजुरी मिळू शकली. येवल्यात केलेल्या धर्मांतराच्या घोषणेनंतर काही महिन्यांनी, १९३६ मध्ये, डॉ. आंबेडकर वर्ध्याजवळच्या शेगावी (नंतरचे सेवाग्राम) गांधीजींना भेटले. मतभेद मिटले नाहीत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, वर्ध्यापासून सुमारे ७५ किमी. अंतरावरील नागपुरात, डॉ. आंबेडकरांसोबत लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या वेळच्या २२ प्रतिज्ञांपैकी पहिलीतच विष्णूला, म्हणजे वर्ध्याच्या मंदिरातील नारायणालाच, देव मानण्यास नकार आहे.