गील येथील मनोरुग्णांची गृहव्यवस्था

ज्याचें चित्त ठिकाणावर नाहीं अशा माणसाची सोय समाजानें कोठें व कशी लावावी, हा प्रश्न नवा नव्हे. असा माणूस आधीं देवस्थानीं नेण्याची चाल आपल्याकडे आहे. पण ती केवळ आपलीच आहे असें नाहीं. बेल्जम देशांत अँटवर्प प्रांतांत गील म्हणून एक गांव आहे. तेथील व्यवस्थाही देवस्थानापासूनच निघाली. परंतु तिचें पर्यवसान निराळें झालें. तें कशामुळें झालें, एवढाच मुद्दा आम्हांस येथें पाहावयाचा आहे.

आख्यायिका अशी कीं, सातव्या शतकांत डिम्फ्ना नांवाची आयर्लंडची राजकन्या आपल्या बुद्धिभ्रष्ट झालेल्या बापापासून पळून या गांवीं आली व बापानें येथेंच गांठून तिचा वध केला. ही कथा लेखनिविष्ट झाली ती तेराव्या शतकांत, म्हणजे सुमारें सहाशें वर्षांनीं. तेव्हां तिला इतिहास म्हणून प्रमाण मानतां येत नाहीं. मात्र या संतिणीवर लोकांची श्रद्धा होती व त्या श्रद्धेनें वेडाचे रोगी दूरदूरून गीलला आणीत, ही गोष्ट निर्विवाद आहे. रोग्यांची गर्दी पुढें इतकी वाढली कीं, इ. स. १४८० मध्यें तिच्या प्रार्थनामंदिरास लागून त्यांच्यासाठीं स्वतंत्र जागा बांधावी लागली.

तेथें रोग्याकडून नऊ दिवसांचें अनुष्ठान करवीत. जागा भरलेली असली, किंवा अनुष्ठानानें गुण आला नाहीं, म्हणजे रोग्यास गांवांतील एखाद्या कुटुंबांत ठेवीत. आमच्या मतें या इतिहासाचें मर्म येथेंच आहे. गुण आला तो आपल्या गांवीं परत गेला. गुण आला नाहीं तो राहिला, आणि राहिला म्हणून शेजारी झाला.

हें चित्र मात्र फार रंगवून सांगूं नये. धोकादायक रोग्याचे हातपाय बांधून ठेवण्याची जबाबदारी यजमानावर टाकणारे गांवच्या अधिकाऱ्यांचे जुने हुकूम आहेत. इ. स. १८२१ मध्यें एस्किरोल हा प्रसिद्ध फ्रेंच वैद्य गील पाहण्यास आला, तेव्हांही कांहीं रोग्यांच्या पायांत बेड्या होत्या. शिवाय यजमानास रोग्याच्या खर्चाचे पैसे मिळत व रोगी शेतांत आणि घरांत कामास हातभार लावी. तेव्हां या आतिथ्याच्या मुळाशीं निव्वळ परोपकार होता असें म्हणणें बरोबर होणार नाहीं.

तथापि ही रीत सुधारत गेली, व सुधारली ती देखरेखीमुळें. इ. स. १८५० च्या कायद्यानें बेल्जमच्या सरकारनें ती आपल्या नजरेखालीं घेतली आणि १८६२ मध्यें तेथें रुग्णालय उघडलें. नवा रोगी प्रथम रुग्णालयांत ठेवावयाचा, त्याची प्रकृति पाहून त्याला मानवेल असें घर निवडावयाचें, व पुढें वैद्यांनीं व परिचारकांनीं त्या घरीं जाऊन त्याची विचारपूस करीत राहावयाचें, असा क्रम पडला. त्यास 'रोगी' न म्हणतां, पैसे देऊन घरीं जेवूनखाऊन राहणारा या अर्थाच्या शब्दानें त्याचा उल्लेख करीत. त्याच्या रोगाचें नांवही कुटुंबास न सांगण्याची चाल पडली. १९३८ मध्यें असे ३,७३६ लोक गीलमधील घरांतून राहत होते. पुढें नवीं औषधें निघालीं, कुटुंबें लहान झालीं व ही संख्या उतरत जाऊन कांहीं शेंकड्यांवर आली. २०२३ मध्यें युनेस्कोनें, जतन करण्याजोगी उत्तम प्रथा म्हणून, या रीतीची नोंद केली.

आतां आपल्या देशांतील एक उदाहरण शेजारीं ठेवून पाहूं. तामिळनाडूंत रामनाथपुरम् जिल्ह्यांत एरवाडी येथें दर्गा आहे. तेथेंही श्रद्धेनें रोगी आणीत. तेथेंही पैसे घेऊन त्यांस ठेवून घेणारे लोक होते. ता. ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहाटे तेथील एका खाजगी आश्रयस्थानास आग लागली. रोगी सांखळ्यांनीं जखडलेले असल्यामुळें त्यांस पळतां आलें नाहीं, व २८ जण मृत्युमुखीं पडले. पुढें २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मनोरुग्णास सांखळीनें बांधण्यास सर्वथा मनाई केली व समाजांत राहण्याचा त्याचा हक्क मान्य केला.

श्रद्धा दोहींकडे होती, पैसाही दोहींकडे होता. भेद इतकाच कीं, गीलचा रोगी यजमानाच्या पंक्तीस बसे, चारचौघांच्या डोळ्यांसमोर वावरे, व त्याचें कसें चाललें आहे हें विचारणारा कोणी तरी वरचेवर येई. एरवाडीच्या त्या २८ जणांविषयीं तसें विचारणारा कोणी नव्हता. श्रद्धेस दोष देऊन हा प्रश्न सुटत नाहीं, व कायदा केल्यानेंही तो अर्धाच सुटतो. उरलेला अर्धा भाग घराचा व शेजाराचा आहे.

आपल्याकडील देवस्थानांच्या दप्तरांत पूजाअर्चा, नैवेद्य, इनामें यांचे कागद संशोधक आवडीनें पाहतात. तेथें आणलेले व बरे न होतां मागें राहिलेले जे लोक, त्यांस कोण जेवूं घाली व कोणाच्या ओसरीवर ते निजत, याचाही शोध त्याच कागदांत घ्यावा, अशी आमची अभ्यासकांस विनंती आहे.